फक्त कार्डाचं नाव सांगा, ताई

पत्र थोडक्यात: सांगली जिल्ह्यातला ३१ वर्षांचा वाचक, पतसंस्थेत नोकरी, लग्नाला दोन वर्षं झालीत. घरी २०१४ चा असेंबल केलेला पीसी आहे, डिप्लोमाला असताना वडिलांनी घेऊन दिलेला. आय-फाइव्ह ४५९० प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ४-४ जीबीच्या दोन रॅम, जीटीएक्स ७५० टीआय ग्राफिक्स कार्ड (गेमचं चित्र काढणारं) २ जीबीचं, १ टीबीची हार्ड डिस्क, विंडोज १०. मित्राकडे 'ब्लॅक मिथ: वुकाँग' हा गेम बघितला आणि तेव्हापासून डोक्यातून जाईना. बजेट २० हजार, फारच ताणलं तर २५. दुकानदार म्हणतो चांगलं कार्ड टाका, विषय संपला. मित्र म्हणतो हे डबडं भंगारात घाल आणि ७० हजाराचा नवीन बांध. बायको म्हणते घ्यायचं तर एकदाच काय ते नीट घे, आणि वडील म्हणतात चालतोय ना अजून, मग कशाला. वाचकाचं म्हणणं, "ताई, कोणतं कार्ड घेऊ तेवढं फक्त सांगा. आणि खरं सांगा, या वयात गेमवर एवढे पैसे घालणं बरंय का?" ता.क. मध्ये एक ओळ आहे: मॉनिटर तोच जुना साडेअठरा इंची, व्हीजीए केबलवाला.

---

अरे, त्या ता.क. मधल्या ओळीवर अर्धं उत्तर अवलंबून आहे आणि तू ती सगळ्यात शेवटी टाकलीस.

साडेअठरा इंची जुना मॉनिटर म्हणजे बहुतेक १३६६ बाय ७६८. म्हणजे कार्डाला एका फ्रेममध्ये, म्हणजे स्क्रीनवरच्या एका चित्रात, साधारण साडेदहा लाख ठिपके रंगवायचेत. मित्राचा फुल एचडी असेल तर त्याला पावणेएकवीस लाख, म्हणजे जवळपास दुप्पट. तर तुझ्या स्क्रीनला त्याच्याएवढं दणकट कार्ड लागतच नाही, ही झाली चांगली बातमी. वाईट बातमी अशी की स्क्रीन लहान असली म्हणून प्रोसेसरचं काम काही कमी होत नाही. शत्रू किती आहेत, कोण कुठून उडी मारतोय, गेममधल्या माकडाची काठी कुठे लागली, हा सगळा हिशोब प्रोसेसरला तेवढाच करावा लागतो, मग स्क्रीन केवढीही असो. आणि तुझा प्रोसेसर ४ कोअर ४ थ्रेडचा, म्हणजे एका वेळी चारच कामं हाताळणारा. म्हणजे दुकानदाराचं ऐकून भारी कार्ड टाकलंस तर ते कार्ड प्रोसेसरची वाट बघत बसणार आणि तू म्हणणार एवढे पैसे घातले तरी अडकतंयच की.

आणि हो, आत्ताच्या कार्डांना व्हीजीए पोर्ट नसतो. एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट, बास. दुकानातून कार्ड आणशील, रविवारी दुपारी बसवशील आणि मग लक्षात येईल की मॉनिटरची निळी पिन लावायला जागाच नाही. एचडीएमआय टू व्हीजीए कन्व्हर्टर मिळतो, महाग नाही, पण साधी केबल घेऊ नकोस, आत चिप असलेला कन्व्हर्टरच लागतो, कारण एकीकडे डिजिटल सिग्नल आहे आणि दुसरीकडे अ‍ॅनालॉग.

आता तू जे गृहीत धरलंयस त्याबद्दल बोलू. तुला वाटतंय की प्रश्न कार्डाचा आहे. वुकाँगच्या मिनिमममध्ये, म्हणजे कमीत कमी काय लागतं त्या यादीत, काय लिहिलंय बघ: आय-फाइव्ह ८४०० किंवा रायझन ५ १६००, रॅम १६ जीबी, कार्ड जीटीएक्स १०६० ६ जीबी किंवा आरएक्स ५८० ८ जीबी, आणि डिस्कवर १३० जीबी जागा. तू कार्डात कमी आहेस हे खरंय, पण रॅममध्येही निम्म्यावर आहेस आणि प्रोसेसरमध्ये तर चार पिढ्या मागे, ८४०० ला ६ कोअर आहेत. हार्ड डिस्कवर चालतो असं कंपनीनेच म्हटलंय पण शिफारस एसएसडीची, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्कची आहे, आणि ती शिफारस गंभीरपणे घ्यायची. तेव्हा एक कार्ड टाकून विषय संपत नाही, सुरू होतो.

मिनिमम म्हणजे खेळायला मजा येईल असंही समजू नकोस. कंपन्या त्या यादीत बहुतेक वेळा सगळ्यात खालची सेटिंग आणि ३० च्या आसपास फ्रेम धरतात, आणि बरेचदा आतून छोट्या रिझोल्यूशनवर चित्र काढून ते मोठं करून दाखवायचं हेही त्यात धरलेलं असतं. पण उलटंही खरंय, मिनिममच्या खाली असलास म्हणून गेम चालूच होणार नाही असं नाही. काही गोष्टी मात्र अडूनच बसतात. उदाहरणार्थ 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' (डिसेंबर २०२४) आणि 'डूम: द डार्क एजेस' (मे २०२५) यांना रे ट्रेसिंगवालं (प्रकाश-सावल्यांचा हिशोब करणारं) कार्डच लागतं, ते बंद करायची सोयच नाही. आणि 'बॅटलफील्ड ६' ला सिक्युअर बूट आणि टीपीएम या सुरक्षेच्या सोयी लागतात, तिथे तुझा बोर्ड नडणार, मग कार्ड कितीही भारी लाव. वुकाँगचं तसं काही नाही, म्हणून तुझ्या केसमध्ये आशा आहे.

म्हणून मी एकच कसोटी लावते आणि तूही दुकानात उभा राहून प्रत्येक वस्तूला तीच लाव: ही वस्तू माझ्या पुढच्या मशीनमध्ये जाईल का? जात असेल तर पैसे घाल, जात नसेल तर दहा वेळा विचार कर. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) जातो, एसएसडी जाते, कार्ड जातं, मॉनिटर जातो. तुझी जुन्या पिढीची डीडीआर३ रॅम जात नाही. जुना आय-सेव्हन जात नाही. तुझ्या बोर्डवर आय-सेव्हन ४७९० बसतो, ८ थ्रेडचा आहे, फरकही पडेल, आणि कोणीतरी तुला तो सेकंडहँड विकायला बघणार हे मी आत्ताच सांगते. पण एवढ्या जुन्या प्रोसेसरला लोक अजून जो भाव सांगतात तो ऐकून मला हसू येतं. तेवढे पैसे बाजूला ठेव, बोर्ड बदलताना उपयोगी पडतील.

आता प्रत्यक्ष काय करायचं. एक पैसा खर्च करायच्या आधी पीसी बंद कर, प्लग काढ, बाजूचं झाकण उघड आणि एसएमपीएसवरचं स्टिकर वाच. वर मोठ्या अक्षरात ४५० किंवा ५०० वॅट लिहिलेलं असेल, त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस. खाली एक छोटा तक्ता असतो, त्यात +१२ व्होल्टचा रकाना शोध आणि त्याखाली किती अँपिअर लिहिलंय ते बघ. समज १६ आहे. १६ गुणिले १२ म्हणजे १९२ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही मुख्यतः याच लाइनवर जगतात. तुझा प्रोसेसर ८४ वॅटचा, आत्ताचं ७५० टीआय फक्त ६० वॅटचं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. आता त्या जागी आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड ठेवलंस की दोघांचेच २१६ झाले, पंखे आणि डिस्क वेगळी. कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस असेल तर पहिला खर्च तिथेच कर, ४५० ते ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दाखला), नावाजलेल्या कंपनीचा आणि वॉरंटीवाला. हा खर्च दिसत नाही, मित्राला दाखवून मिरवता येत नाही, म्हणून सगळे तो टाळतात आणि मग एक दिवस जळका वास येतो. यूपीएस असेल तर तोही बघ, घरोघरी असणारा ६०० व्हीएवाला साधारण ३६० वॅटच पेलतो. गेम रंगात असताना लाईट गेली की तो टुंग करून सगळंच बंद करेल, जुनी बॅटरी असेल तर नक्कीच.

झाकण उघडलंच आहेस तर धूळ काढ, आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (उष्णता बाहेर पोचवणारा लेप) बदल. दहा-अकरा वर्षं तीच असेल तर तिचा खडू झाला असणार. स्वस्तातलं काम आहे. तापला की प्रोसेसर स्वतःच स्पीड कमी करतो आणि लोक त्याला 'म्हातारा झाला' म्हणतात.

मग स्टीमवरून (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) वुकाँगचा बेंचमार्क टूल उतरव, तुझं मशीन गेम किती पेलतं ते तो मोजून दाखवतो. तो टूल, गेम यायच्या आठवडाभर आधी, ऑगस्ट २०२४ मध्ये, कंपनीने फुकट दिलाय. तुझ्या ७५० टीआयवर तो रडतखडत चालेल किंवा चालणारही नाही, हरकत नाही. खरी चाचणी एसएमपीएस आल्यावर करायची. तो ७० हजारवाला मित्र आहे ना, फुकटचे सल्ले देतोय तर त्याला कामाला लाव, एका संध्याकाळी त्याचं कार्ड तुझ्या मशीनमध्ये बसव. फक्त आधी त्याच्या कार्डाचे वॅट आणि लांबी बघून घे, फारच दांडगं असेल तर हा नाद सोड. मग त्याच सेटिंगवर एकदा ७६८ आणि एकदा ७२० च्याही खाली रिझोल्यूशन ठेवून बघ. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. तेवढ्याच राहिल्या आणि टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर शंभराला टेकलाय, तर मर्यादा प्रोसेसरची आहे आणि कितीही महाग कार्ड घेतलंस तरी तेच दिसणार. ऑनलाइन ते 'बॉटलनेक कॅल्क्युलेटर' असतात ना, कुठला भाग बाकीच्यांना अडवतोय ते सांगणारे, तुमचा प्रोसेसर २३ टक्के बॉटलनेक वगैरे, ते ज्योतिषाइतकेच खात्रीचे.

बरं, कार्ड. तू नाव मागितलंस म्हणून सांगते, आणि का ते पण सांगते, कारण सहा महिन्यांनी वाचणाऱ्याच्या बाजारात दुसरंच काही असेल.

मिनिमममध्ये जीटीएक्स १०६० लिहिलंय म्हणून सेकंडहँड १०६० आणायला धावशील. नको. हे कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने ७५०, ९०० आणि १००० सिरीजसाठी नवीन गेमचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट, ते ऑक्टोबर २०२८ पर्यंत. आरएक्स ५८० मध्ये तर वेगळीच गंमत आहे, त्याच नावाचं एक २०४८ एसपी म्हणून कार्ड फिरतं, ते आतून आरएक्स ५७० च आहे. खऱ्या ५८० ला २३०४ शेडर (चित्र रंगवणारे छोटे भाग) असतात. जीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर लावलं की पहिल्या स्क्रीनवर आकडा दिसतो, तो बघितल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डांवर हिशोब चालवून ते चलन कमावणं) बंद पडलं तेव्हा दिवसरात्र राबलेली ढिगाने कार्डं बाजारात आली, त्यातली बरीच अजून हात बदलतायत. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं नाही, पण पंखे आणि तापमान बघूनच घ्यायचं, समोर पंधरा-वीस मिनिटं लोडवर चालवून. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा कोल्हापुरात दुकानात घेणार असशील तर निदान महिन्याची टेस्टिंग वॉरंटी बिलावर लिहून घे. तोंडी 'काय झालं तर आणा की' याला काही अर्थ नाही.

आरएक्स ६५०० एक्सटी स्वस्तात दिसेल, तेही नको. ते कार्ड बोर्डशी फक्त ४ लेनवर (डेटाच्या वाटांवर) बोलतं, आणि तुझा एच८१ पीसीआय एक्सप्रेस २.० या जुन्या, हळू जोडणीवर अडकलाय. ४ जीबी मेमरी भरली की त्या बारीक बोळातून ये-जा सुरू होते आणि गेम दर दोन सेकंदाला ठेच लागल्यासारखा थांबतो. इंटेल आर्क कार्डं किमतीला मोहात पाडतात, पण त्यांना रिसाइझेबल बार (कार्डाची सगळी मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) लागतं आणि तुझ्या बोर्डला ते नाही.

मग उरतं काय, तर आरएक्स ६६००, ८ जीबी. ८ लेन आहेत, तुझ्या जुन्या स्लॉटवर थोडा तोटा होईल पण तुझ्या स्क्रीनवर तो जाणवायचा नाही. मी वर सांगितलेल्या त्या दोन रे ट्रेसिंगवाल्या गेमच्या मिनिमममध्येही याच कार्डाचं नाव आहे, म्हणजे पुढच्या मशीनमध्ये गेल्यावर काही वर्षं काढेल. एनव्हिडियाच हवं असेल तर आरटीएक्स ३०५० ८ जीबीवालं, ते ६६०० पेक्षा जरा मागेच आहे पण डीएलएसएस (छोटं चित्र काढून ते मोठं करून दाखवायची एनव्हिडियाची सोय) मिळतं. नवीन घेतलंस तर बजेटचा मोठा लचका इथेच जाईल, तेव्हा एक तर सेकंडहँड घे नाहीतर एसएसडी पुढच्या महिन्यावर ढकल. आणि घ्यायच्या आधी दुकानदाराला तुझ्या बोर्डचं पूर्ण मॉडेल सांग, काही जुन्या बोर्डांवर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्याशिवाय नवीन कार्डाला डिस्प्लेच येत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे मशीन उचलून दुकानात ने आणि तिथेच लावून बघ.

रॅमचं मात्र मला नियम मोडून सांगावं लागतंय. ८ जीबीत वुकाँगचं काही खरं नाही. तुझ्या बोर्डला दोनच स्लॉट आहेत आणि दोन्ही भरलेत, म्हणजे ४-४ काढून ८-८ टाकाव्या लागतील, १६ च्या वर बोर्ड घेतच नाही. पुढच्या मशीनमध्ये ही जाणार नाही, तेव्हा सेकंडहँड, स्वस्तात मिळाली तरच, आणि जुन्या दोन त्याच दुकानदाराच्या गळ्यात मारून.

एवढं केलंस की वुकाँग लो सेटिंगवर, अपस्केलिंग (तेच, छोटं चित्र मोठं करून दाखवणं) लावून खेळता येण्यासारखा होईल असा माझा अंदाज आहे. अडकेल अधूनमधून, नवीन भागात शिरताना तर नक्की. पहिल्यांदा चालू केल्यावर 'शेडर कंपाइल' म्हणून बराच वेळ काहीतरी करत बसेल, ४ कोअरवर जास्तच, तेव्हा घाबरून बंद करू नकोस, चहा करून ये. मित्राच्या घरी बघितलंस तसं दिसणार नाही. ते चालणार आहे का तुला, हा प्रश्न स्वतःला विचार, कारण चालणार नसेल तर मग सगळंच गणित बदलतं.

म्हणजे असं की मित्राचंही पूर्ण चुकलेलं नाही. फक्त तो ७० हजार एकदम म्हणतोय आणि तुझ्याकडे २० आहेत. एसएमपीएस, कार्ड आणि एसएसडी हे तीन यावेळी झाले की पुढच्या टप्प्याला बोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एवढंच उरतं. रायझन ५ ५६०० सारखा ६ कोअर १२ थ्रेडचा, बी५५० बोर्ड, १६ जीबी डीडीआर४. एएम४, म्हणजे हा प्रोसेसर बसतो ती बोर्डची पिढी, आता जुना प्लॅटफॉर्म झालाय असं कोणी म्हणेल, म्हणू दे, वुकाँगच्या शिफारशीच्या यादीत रायझन ५ ५५०० आहे आणि हा त्याच्या वरचा. घाई मात्र करू नकोस. २०२५ च्या शेवटी डेटा सेंटरवाल्यांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव भडकलेत. बायकोच्या 'एकदाच घे'ला माझं उत्तर एवढंच की एकदाच घ्यायला ही वेळ बरी नाही. पण तिलाच विचार ना, टप्प्याने घेतलं तर चालेल का. तिने नको म्हटलेलंच नाहीये, तूच पत्रभर अपराधी होऊन बसलायस.

वयाचं म्हणशील तर ३१ व्या वर्षी लोक बुलेटला सायलेन्सर बदलतात, त्यांना कोणी विचारत नाही. मला काळजी फक्त दोन गोष्टींची. एक म्हणजे ईएमआय. पतसंस्थेत बसतोस, दुसऱ्यांच्या थकबाक्या बघतोस, 'नो कॉस्ट' वाल्या ईएमआयमध्ये प्रोसेसिंग फी आणि जीएसटी कुठे लपतात हे मी तुला सांगायची गरज नाही. हातात असलेल्या पैशातच कर. दुसरं म्हणजे वुकाँग आवरायला तीस-चाळीस तास तरी जातात. सातला घरी येतोस, तर ते तास कुठून काढणार ते ठरव. आणि वुकाँगनंतर काय खेळणार हेही ठरव. दुसरं काहीच डोक्यात नसेल, तर एका गेमसाठी एवढा खटाटोप करण्यापेक्षा रविवारी मित्राकडे जाऊन खेळ, मी हसत नाहीये, खरंच सांगते. घरात बरा टीव्ही असेल तर सेकंडहँड पीएस५ (टीव्हीला लावायचा गेमिंग कन्सोल) चाही भाव काढून बघ, वुकाँग तिथे पहिल्या दिवसापासून आहे.

वडिलांचं 'चालतोय ना' हे चुकीचं नाहीच. आणि तुला ते मशीन टाकवत नाहीये हे पत्रात न लिहिताही कळतंय. तर टप्प्याने केलंस की कॅबिनेट तेच राहतं, आणि बोर्ड बदलशील तेव्हा जुना बोर्ड, प्रोसेसर आणि ७५० टीआय मिळून वडिलांना सातबारा आणि भजनं बघायला एक वेगळं मशीन सहज उभं राहतं. फक्त त्याला विंडोज १० ठेवू नको. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला आणि हा प्रोसेसर ११ च्या यादीत नाही. विंडोजऐवजी फुकट मिळणारी लिनक्स मिंट टाकून दे. आणि तोपर्यंत तू स्वतःही या मशीनवर बँकेचे व्यवहार जपून कर.

ज्यांच्याकडे ऑफिसमधून निघालेले डेल, एचपीचे रिफर्बिश्ड डेस्कटॉप आहेत त्यांनी हे जसंच्या तसं करू नये. त्यातल्या बऱ्याच मॉडेलमध्ये एसएमपीएस आणि त्याची पिन कंपनीची स्वतःची असते, बाजारातला बसत नाही, आणि बारीक कॅबिनेट असेल तर जाड कार्डही बसत नाही. त्यांनी आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं बघावं, ७० वॅटचं आहे, वेगळी पॉवर केबल लागत नाही, आणि लो प्रोफाइलमध्येही (बारीक कॅबिनेटसाठी कमी उंचीचं) येतं. लॅपटॉपवाल्यांनो, तुमच्या हातात रॅम आणि एसएसडी एवढंच आहे, तीही काही मॉडेलमध्ये बोर्डला चिकटवलेली असते, आधी मॉडेल नंबर तपासा.

आणि तू, गेम सगळ्यात शेवटी विकत घे, सेल लागला की. स्टीमवर घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात, पण ते शेडर कंपाइल होत असतानाचा वेळही त्या दोन तासांत धरला जातो. तेव्हा सेटिंगची खाटखूट सगळी बेंचमार्कवर उरकून घे, आणि मग गेम उतरव.